मनाली–लेह सायकलने : आधी मुक्काम ठरवा

होळी सरली की पुण्या-मुंबई-नाशिकच्या सायकल गटांत मनाली–लेहचे बेत शिजू लागतात आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. दिवस किती लागतील? बोगद्यातून जायचं की रोहतांगवरून? तंबू न्यायचा का? लागोपाठ दोनदा सिंहगड चढतो, एवढी तयारी पुरे का?

प्रश्न रास्त आहेत, पण विचारणारे बहुतेक जण हिशेब आधीच करून बसलेले असतात. बोगद्यातून अंतर सुमारे ४३० किलोमीटर, रोहतांगवरून सुमारे ४७५. त्याला मिळालेल्या रजेने भागायचं, की रोजचा आकडा हातात! कोकणात हा हिशेब चालतो, इथे नाही. इथे रात्री तुम्ही किती उंचीवर झोपलात, यावर दुसऱ्या दिवशी सायकल चालवणार की डोकं धरून तंबूत पडून राहणार, हे ठरतं. म्हणून आधी मुक्काम ठरवा, मग त्यांना जोडणारे किलोमीटर मोजा आणि रजेचा अर्ज सगळ्यात शेवटी करा.

आधी विचारा : पहिल्याच वेळी हाच रस्ता हवा का?

सायकलने हिमालयात जायचं म्हणजे मनाली–लेहच, असं काही नाही. उंच डोंगरातला तुमचा हा पहिलाच प्रवास असेल, तर पुढचे दोन पर्याय मनापासून तपासा.

- श्रीनगर–लेह (सुमारे ४२० किमी). झोजी ला (‘ला’ म्हणजे खिंड) सुमारे ३,५०० मीटरवर, तर सर्वांत उंच फोटू ला सुमारे ४,१०० मीटरवर. सोनमर्ग, द्रास, कारगिल, मुलबेख, लामायुरू अशी खरी गावं वाटेत आहेत आणि कुठेही ३,६०० मीटरच्या वर झोपावं लागत नाही. झोजी लावर ट्रक आणि चिखल यांचा त्रास होतो. चढ चालू करण्याआधी त्या दिवशी वाहतूक कोणत्या दिशेने, किती वाजता सोडणार आहेत ते विचारा.
- सिमला–किन्नौर–स्पिती. रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा अशी उंची हळूहळू वाढत जाते आणि जवळपास रोज छताखाली झोपता येतं. काझानंतर कुंझुम खिंड ओलांडून बातल–छत्रू–ग्राम्फू हा दगडगोट्यांचा, ओढ्यांनी कापलेला पट्टा लागतो. ज्यांना सडकेवरची सायकल नको, माउंटन बाइकच चालवायची आहे, त्यांच्यासाठी हा पट्टा मनाली–लेहपेक्षा सरस आहे. मनाली–लेहचा बराचसा रस्ता आता डांबरी झाला आहे.
- आणि तुलनेला मनाली–लेह. पाच मोठ्या खिंडी, त्यांतल्या दोन पाच हजार मीटरच्या वर. दारचा ते रूमत्से या मधल्या पट्ट्यात कायम वस्तीचं गाव नाही. इथे राहायचं ते उन्हाळ्यापुरत्या उभ्या राहणाऱ्या तंबूंत.

‘विमानाने लेहला उतरू आणि तिथून मनालीकडे उतरत येऊ’ हा बेतही अनेक जण करतात. नकाशावर तो उताराचा वाटतो. प्रत्यक्षात लेह सोडल्यावर पहिलीच खिंड तांगलांग ला, सुमारे ५,३२८ मीटर, आणि त्यानंतरच्या रात्री साडेचार हजारांच्या आसपास. लेहमध्ये आठवडाभर थांबायची तयारी असेल तरच हा विचार करा.

केव्हा जायचं

मेच्या सुट्टीचा विचार सोडून द्या. सीमा सडक संघटना बर्फ कापून रस्ता मोकळा करते खरी, पण रस्ता उघडला म्हणून ढाबे उघडले असं होत नाही. तंबू लागतात ते साधारण जूनमध्ये आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर एकेक करून उतरू लागतात. जूनमध्ये खिंडीत दुतर्फा बर्फाच्या भिंती असतात, फोटो झकास येतात आणि रस्त्यावरून बर्फाचं पाणी वाहत असतं. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला पाऊस आणि दरडी. रोहतांग ओलांडून लाहौलमध्ये उतरलात की पाऊस एकदम कमी होतो.

माझं मत विचाराल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा दुसरा आठवडा. नाल्यांचं पाणी ओसरलेलं असतं, आकाश मोकळं असतं. बदल्यात रात्री बाटलीतलं पाणी गोठतं, ते सोसायची तयारी हवी.

बोगदा की रोहतांग?

अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला. लांबी ९.०२ किलोमीटर. मोटारीला तो वरदान आहे, सायकलस्वाराला नाही. बोगद्यातून सायकल सोडतात की नाही हा वाद घालत बसू नका. सोडली तरी नऊ किलोमीटर धुरात आणि आवाजात काढावे लागतील. तुमचं खरं नुकसान वेगळंच आहे. रोहतांगचा चढ म्हणजे मनालीच्या २,०५० मीटरवरून सुमारे ३,९७८ मीटरपर्यंत ५१ किलोमीटरांत शरीराला उंचीची तोंडओळख. वर चढून पलीकडे ३,१०० मीटरवर झोपायला उतरायचं, यापेक्षा चांगला सराव पुढे कुठे मिळणार नाही. बोगद्याने गेलात तर तो सराव न करताच बारालाचा खिंडीखाली जाऊन उभे राहाल.

शिवाय लेहची वाहतूक बोगद्यातून जायला लागल्यापासून रोहतांगच्या घाटात ट्रक जवळजवळ राहिले नाहीत. पर्यटकांच्या गाड्या असतात, त्यांना दिवसाची मर्यादा आणि परवाना आहे. सायकलला तो परवाना लागत नाही, पण तुमच्याबरोबर बॅकअप गाडी असेल तर तिला लागतो आणि तो आधी काढावा लागतो. परवाना नसेल तर गाडी बोगद्यातून पाठवा आणि सिस्सूला भेटा.

मुक्काम कुठे, का आणि कुठे नको

खाली दिलेल्या उंची साधारण आहेत, पाट्यांवर थोडे वेगळे आकडे दिसतील. खिंडींतल्या पाट्या फार मनावर घेऊ नका. लेहपलीकडच्या खारदुंग लावर वर्षानुवर्षं १८,३८० फुटांची पाटी होती, तर प्रत्यक्ष उंची सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर आहे.

- मनाली (२,०५०), दोन रात्री. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे, म्हणजे मनालीच्या बाजारात उभे असतानाच तुम्ही महाराष्ट्राच्या माथ्याच्या चारशे मीटर वर असता. इथे सायकल जोडून, ब्रेक-गिअर तपासून, सोलंगपर्यंत रिकामी फेरी मारा.
- मढी (३,३००). मनालीपासून साधारण पस्तीस किलोमीटर. ढाबे आहेत, पण लेहची वाहतूक इथून बंद झाल्यापासून रात्रीची सोय गृहीत धरू नका. मनालीत चौकशी करून निघा किंवा छोटा तंबू ठेवा.
- सिस्सू (३,१००). मढीहून सोळा-एक किलोमीटर चढ, मग लांब उतार. होमस्टे आणि हॉटेलं भरपूर. उतारावर हात गारठतात आणि ब्रेक दाबता येत नाही, तेव्हा हातमोजे रोहतांगच्या माथ्यावरच चढवा.
- केलांग किंवा जिस्पा (३,१०० ते ३,२००), दोन रात्री. केलांगमध्ये जिल्हा रुग्णालय, एटीएम, औषधांची दुकानं. अलीकडे तांडीला चंद्रा आणि भागा नद्यांचा संगम लागतो. बॅकअप गाडीची टाकी तिथे भरून घ्या. दुसरा दिवस पूर्ण आराम नको, सायकलने वर थोडं चढून या आणि खाली येऊन झोपा. ही विश्रांती वगळून ‘एक दिवस वाचवणारे’ पुढे तो दिवस व्याजासकट परत करतात.
- पात्सिओ (३,८००) किंवा झिंगझिंगबार (४,२७०). इथे बहुतेकांचा बेत चुकतो. जिस्पाहून एका दिवसात झिंगझिंगबार गाठणं पायांना जमतं, पण झोपायची उंची एका रात्रीत हजार मीटरने वाढते. दारचाला चहा-जेवण करा आणि शक्य असेल तर पात्सिओच्या आसपास, दीपक तालाच्या बाजूला तंबू टाका. स्वतःचा तंबू न्यायचा का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘हो’ आहे ते मुख्यतः या एका रात्रीसाठी.
- भरतपूर (४,७००). बारालाचा ला (४,८९०) ओलांडल्यावर लगेच लागणारे तंबू. चहा प्या, ऑम्लेट खा आणि निघा. थकल्यामुळे इथेच झोपायचा मोह होतो. पहिल्याच दमात इतक्या उंचीवर झोपू नका.
- सरचू (४,२९०). हिमाचल आणि लडाखच्या सीमेवरचं मोकळं पठार. महागडे कॅम्प आणि साधे ढाबे दोन्ही आहेत. सायकलवाल्याला ढाबाच बरा, कारण जेवण उशिरापर्यंत गरम मिळतं.
- व्हिस्की नाला (४,७००) किंवा पांग (४,६००). सरचूहून साधारण बावीस किलोमीटरवर गाटा लूप्स सुरू होतात, एकवीस वळणं. मग नकी ला (४,७४०), तिथून थोडं उतरून व्हिस्की नाला, पुन्हा चढून लाचुलुंग ला (५,०६०) आणि शेवटी पांग. एका दिवसात सुमारे ऐंशी किलोमीटर आणि दोन खिंडी! धडधाकट मंडळी करतात, पण बाकीच्यांनी व्हिस्की नाल्याला तंबू आहेत का, हे सरचूला विचारून तिथे थांबावं.
- डेबरिंग (सुमारे ४,७००). पांगच्या वरचा चढ संपला की मोरे प्लेन्सचं चाळीस किलोमीटरचं सपाट मैदान. त्याच्या पलीकडे तंबू.
- रूमत्से (४,२००). तांगलांग ला उतरल्यावरचं पहिलं गाव. ग्या, लातो याच वाटेवर. घरात राहायला मिळतं, जवाची शेतं दिसतात.
- लेह (३,५००). उपशीला सिंधू भेटते. तिथून सुमारे पन्नास किलोमीटर राहतात. रस्ता नदीकाठाने आहे म्हणून निव्वळ उतार असेल, असं समजू नका.

हे सगळं मांडलं की मनाली सोडल्यापासून लेहपर्यंत दहा ते बारा दिवस होतात, शिवाय दरड किंवा आजारपणासाठी दोन दिवस हाताशी. बाजारात आठ-नऊ दिवसांच्या सहली मिळतात. त्या खोट्या नाहीत. त्या घेणाऱ्यांपैकी काही जण शेवटचे दिवस गाडीत बसून काढतात, एवढंच माहितीपत्रकात नसतं.

तंबू-ढाब्यात झोपायचं म्हणजे नेमकं काय

पॅराशूटच्या कापडाचा गोल किंवा लांबट तंबू. दाराशी शेगडी, मॅगी आणि बिस्किटांची चळत, आत तिन्ही बाजूंनी दगड-मातीचा ओटा, त्यावर गाद्या आणि छातीला वजन जाणवेल अशा रजया. याच ओट्यावर दिवसा लोक जेवायला बसतात आणि रात्री तुम्ही, दोन ट्रकचालक आणि आणखी कोणी सायकलवाला ओळीने झोपता. जेवायला राजमा-चावल, डाळ, पराठे, कुठे थुकपा.

- झोपायचे किती, जेवणाचे किती, गरम पाण्याचे किती, हे पाठीवरचं ओझं उतरवण्याआधी विचारा. साध्या ढाब्यात बहुधा तिथेच जेवणाऱ्याकडून झोपायचे थोडकेच पैसे घेतात. वर सगळं खालून ट्रकने येतं, त्यामुळे दर मनालीचे नसणार.
- रजई त्यांची, पण आत घालायला सुती किंवा रेशमी लायनर तुमचं.
- शेगडी पेटती असेल तर झोपताना तंबूची फट उघडी आहे ना, पाहा. बंद तंबूत जळणाचा वायू साठून माणसं दगावतात आणि त्याची डोकेदुखी उंचीच्या डोकेदुखीसारखीच वाटते.
- एकट्या किंवा दोघी-तिघी महिला असाल, तर दुपारी लवकर पोहोचा आणि कुटुंब चालवत असलेला ढाबा निवडा. कडेची जागा मागून घ्या. मागितली की मिळते.
- सायकल तंबूला टेकवून, मालकाला दाखवून ठेवा. पहाटे निघणाऱ्या ट्रकच्या वाटेत ती नको.
- कचरा तिथे टाकू नका. तो उचलायला तिथे कोणीही येत नाही, तुमच्या पिशवीतून लेहपर्यंत न्या.

उंचीचा त्रास : निर्णय कुठे घ्यायचा

पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळ येतो. तुम्ही मॅरेथॉन पळता की पानटपरीपर्यंत चालता, याच्याशी उंचीच्या त्रासाचा संबंध नाही. उलट तंदुरुस्त माणूस भराभर वर पोहोचतो, म्हणून जास्त अडकतो. सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला असा आहे की तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं.

या रस्त्याची एक मेख लक्षात घ्या. त्रास झाला तर खाली उतरा, असं सगळे सांगतात. पण सरचूहून उतरणार कुठे? मागे बारालाचा, पुढे लाचुलुंग. पांगची स्थिती आणखी वाईट : एका बाजूला लाचुलुंग, दुसऱ्या बाजूला तांगलांग. दोन्ही ठिकाणांहून उतरायला आधी चढावंच लागतं. म्हणून निर्णयाची खरी जागा सरचू नाही, झिंगझिंगबार आहे. तिथे (किंवा पात्सिओला) सकाळी उठल्यावर डोकं दुखत असेल, मळमळत असेल, जेवण नकोसं झालं असेल, तर खिंड चढू नका. थांबा. दिवसभरात बरं वाटलं नाही तर जिस्पाला उतरा. तिथून मागे निव्वळ उतार आहे.

- साधी लक्षणं : डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, गळून जाणं. त्याच उंचीवर थांबा, बरं वाटेपर्यंत वर नको.
- मेंदूवर परिणाम : झोकांडी, असंबद्ध बोलणं, विचित्र वागणं. सोबत्याला जमिनीवरच्या सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत चालायला सांगा. जमलं नाही, तर तो क्षण गाडी शोधायचा.
- फुप्फुसांवर परिणाम : बसल्या जागी धाप, सततचा खोकला, छातीत घरघर, फेसाळ गुलाबी थुंकी. रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नका.

सरचू आणि पांगला लष्कराचे तळ आहेत आणि अडचणीतल्या प्रवाशाला ते मदत करतात. तो आजारी माणसाचा आधार आहे, तुमच्या वेळापत्रकाचा भाग नाही. मोठी रुग्णालयं केलांग आणि लेह इथेच.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारातली डायमॉक्स, घ्यायची का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर तसं आधी सांगा. मित्राने दिली म्हणून पहिली गोळी सरचूला घेऊ नका. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर्ज्य. वाटेत ब्रँडी नाला आणि व्हिस्की नाला लागतात, ती केवळ नावं आहेत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्या हवं तर, पण आकडा चांगला आणि माणूस झोकांडतोय, असं असेल तर माणसाचं ऐका.

चढ, वारा, पाणी

सिंहगडाच्या प्रश्नाचं उत्तर आता. सिंहगडाचा घाट या रस्त्यावरच्या बहुतेक चढांपेक्षा खडा आहे. रोहतांगची सरासरी चार टक्क्यांच्याही आत येते. फरक असा की इथला चढ तीन-चार तास संपत नाही आणि वर हवा विरळ होत जाते. म्हणून दोनदा सिंहगड चढण्यापेक्षा सामान लादून, न थांबता, हळू गतीने कसारा किंवा वरंध्यासारखा लांब घाट लागोपाठ दोन-तीन दिवस चालवून पाहा. नाकाने श्वास घेत बोलता येईल एवढीच गती ठेवा.

वेळेचं गणित मात्र पक्कं हवं. पहाटे साडेपाच-सहाला निघा आणि दुपारी दोनपर्यंत मुक्काम गाठा. त्याला दोन कारणं. उन्हाने बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्यापर्यंत येतो, शिवाय त्याला ओढ असते. आणि सरचूच्या पठारावर व मोरे प्लेन्सवर दुपारनंतर वारा सुटतो. तो समोरून आला तर सपाट रस्त्यावर चढाचा गिअर टाकावा लागतो. मोरे प्लेन्स सकाळी दोन-अडीच तासांत पार होतं, दुपारी त्याच मैदानात संध्याकाळ होते.

- नाला ओलांडताना उतरून, सायकल धरून चाला. बूट काढू नका, तळाचे दगड गोल आणि निसरडे असतात. पाणी गढूळ आणि खोल वाटलं तर ट्रकची वाट पाहा; चालक सायकल वर घेतात.
- गाटा लूप्समध्ये वळणं तोडणाऱ्या पायवाटा दिसतील. वर जाताना त्या दम काढतात, खाली येताना पाय किंवा हात मोडतात. रस्ता सोडू नका.
- पांगहून निघताना चार-पाच लिटर पाणी घ्या, मैदानात भरवशाचं पाणी नाही. नाल्याचं पाणी गाळून, गोळी टाकून किंवा उकळूनच प्या.
- लष्कराचा ताफा दिसला की पूर्ण थांबा, दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला.

सायकल आणि सामान

यावर मंडळी महिनोन्‌महिने चर्चा करतात, मी थोडक्यात सांगतो. पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल माउंटन बाइक पुरते. दोन्ही बाजूंना सस्पेन्शन असलेल्या सायकलीला सामान बांधणंच अवघड. सर्वांत हलका गिअर असा हवा की पुढच्या चक्राचे दात मागच्यापेक्षा स्पष्ट कमी असतील. टायर पावणेदोन ते दोन इंच.

मनाली सोडल्यावर लेहपर्यंत सायकलचं धड दुकान नाही. ट्रकचं पंक्चर काढणारे भेटतील, पण तुमचा डिरेलर हँगर त्यांच्याकडे कुठून असणार? तोच एक भाग जरूर बरोबर ठेवा, तुमच्या मॉडेलचाच. त्याशिवाय ब्रेक पॅडच्या दोन जोड्या, तीन ट्यूब, साखळीची जोडकडी, आरे, गिअर-ब्रेकच्या केबल, पंप. कपड्यांत पिसांचं जाकीट, जाड आणि पातळ असे दोन हातमोजे, रेनकोट, उन्हाचा गॉगल. ओठांना आणि नाकाला सनस्क्रीन लावायला विसरलात तर तिसऱ्या दिवशी आरसा आठवण करून देईल.

कागद, पैसे, फोन

- मनाली–लेह रस्त्यासाठी भारतीय नागरिकांना वेगळा परवाना लागत नाही. छायाचित्र असलेलं ओळखपत्र मात्र जवळ हवं. खारदुंग लाच्या पुढे नुब्रात जायचं असेल तर त्या वेळी कोणती नोंदणी आणि शुल्क आहे, ते लेहमध्ये पोहोचल्यावर विचारा.
- महाराष्ट्राचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड करून घ्या. तरीही दारचा सोडल्यावर उपशीकडे येईपर्यंत फोन लागेलच, असं धरू नका. घरी तसं सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही पांगला निवांत राजमा खात असता आणि इकडे घरी नातेवाईक जमलेले असतात.
- केलांगनंतर एटीएम थेट लेहला. नेटवर्क नसेल तिथे यूपीआयही नाही. पुरेशी रोकड सुट्ट्या नोटांत ठेवा.
- प्रवास विमा घेताना दोन ओळी शोधा : किती उंचीपर्यंत लागू आणि सायकलिंग वगळलंय का. बऱ्याच पॉलिसींत तिथेच मेख असते.

कंपनीबरोबर जाताय? हे लिहून घ्या

तोंडी आश्वासनं रोहतांगपर्यंतही टिकत नाहीत. पैसे भरण्यापूर्वी ईमेलवर उत्तरं मागा :

- रोजचा मुक्काम कुठे आणि किती उंचीवर? केलांग-जिस्पाला विश्रांतीचा दिवस आहे का?
- बॅकअप गाडी किती जणांमागे एक? ती शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे राहणार की पुढे जाऊन जेवण मांडणार?
- ऑक्सिजनचे सिलिंडर किती, आणि ते वापरता येणारा माणूस कोण?
- एखाद्याला परत पाठवायचं तर निर्णय कोणाचा, गाडी कोणाची, खर्च कोणाचा?
- दरडीमुळे दिवस वाढले तर जादा मुक्कामाचे पैसे कोण देणार? सहल रद्द झाली तर परतावा किती दिवसांत?
- बॅकअप गाडी मनालीची भाड्याची असेल, तर ती लेहपर्यंत येईल. पुढे नुब्रा-पँगाँगला स्थानिक टॅक्सी युनियनचा आक्षेप असतो. खारदुंग लासाठी लेहची गाडी ठरली आहे का?

तुम्ही पैसे मोजून सेवा घेताय, म्हणजे ‘ग्राहक संरक्षण कायदा, २०१९’ तुम्हाला लागू आहे. कबूल केलेली गाडी, मुक्काम किंवा परतावा मिळाला नाही, तर आधी कंपनीला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागलं नाही, तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्यासाठी कुलू किंवा लेहला हेलपाटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षं. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. ‘जोखीम आपापली’ अशा कागदावर सही घेतात, ती करावीच लागते. पण त्या सहीमुळे कंपनीच्या निष्काळजीपणाला आपोआप माफी मिळत नाही. कागदाचा फोटो काढून ठेवा.

आणि हे गटातल्या धाकट्यांना विशेष करून : गाडीत बसायचा हक्क तुमचा आहे. ‘अजून थोडंच राहिलंय’ म्हणून कोणी चढवत असेल, तर नाही म्हणा.

सायकल न्यायची-आणायची कशी

रेल्वेने न्यायची तर दिल्ली किंवा चंदीगडपर्यंत पार्सल म्हणून आदल्या दिवशी नोंदवा, पावती जपा आणि गिअरच्या बाजूला जाड पुठ्ठा बांधा. पार्सल तुमच्याच गाडीने चढेल असं नाही, म्हणून हाताशी एक दिवस ठेवा. पुढे मनालीच्या बसला सामानाचे पैसे चढतानाच ठरवा. मध्यरात्री ढाब्यावर घासाघीस नको.

परतताना लेहहून बहुतेक जण विमान पकडतात. लेहमध्ये सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानांत रिकामे खोके आणि पॅकिंग करून देणारा माणूस मिळतो, तो एक दिवस आधी गाठा. पेडल, हँडल आणि पुढचं चाक काढायचं, टायरमधली हवा कमी करायची. हवा भरायचे कार्बन डायऑक्साइडचे छोटे सिलिंडर आणि स्टोव्हचा गॅस खोक्यात टाकू नका, तपासणीत अडकतील. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. सायकलचं वजन आणि जादा शुल्क तिकीट काढतानाच विमान कंपनीला विचारा, कारण लेहच्या विमानांत सामानावर काट मारली जाते. मुंबई-पुण्याला खोकं हातात आलं की तिथेच उघडा. फ्रेम किंवा हँगर वाकला असेल, तर विमानतळाच्या बाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करून तिची प्रत घ्या. घरी जाऊन दुसऱ्या दिवशी फोन केलात, तर नुकसान विमानातच झालं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते.